साबण बदलून भागणार नाही, आधी पावडर बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला आहात. घरामागच्या शेडमध्ये छोटी मफल भट्टी (बंद कप्प्याची विजेची भट्टी) आहे, तिच्या अस्तरासाठी हलक्या, सच्छिद्र पाट्या स्वतःच पाडायच्या आहेत. २०० ग्रॅम ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडची पावडर, ३२५ मेश चाळणीची), २०० मिली पाणी, थोडा डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारं रसायन) अशी स्लरी, म्हणजे पातळ राबडी, केलीत, तीत सूर्यफुलाचं तेल आणि भांडी घासायचं लिक्विड घालून मिक्सरला फिरवलंत. रात्री झकास पांढरं क्रीम होतं. सकाळी वर बोटभर तेल आणि तळाला घट्ट गाळ. त्यातून जे वाचलं ते वाळताना तडकलं, आणि १२०० अंशाला भाजल्यावर खडूसारखं हाताला लागलं. तुम्ही विचारलंय, "कोणता इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) वापरू? आणि हाच माल वितळलेलं लोखंड गाळायच्या फिल्टरला चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की दहा प्रकारचे साबण आणून बघितलेत तरी हेच होणार. साबणाचे रेणू तेलाच्या थेंबाभोवती कायमचे बसत नाहीत. ते येतात, जातात, एसटी स्टँडवरच्या गर्दीसारखे. रात्रीत थेंब एकमेकांना भिडतात, मिसळतात, मोठे होतात, वर येतात. रात्री क्रीम दिसलं ते मिक्सरच्या जोरावर. तुम्हाला हवंय असं काहीतरी जे थेंबाच्या अंगावर बसलं की उठणार नाही, आणि पाणी उडून गेल्यावर तेच थेंबाभोवतीची भिंत होऊन राहील. ते तुमच्या बादलीत आधीच आहे. ॲल्युमिनाचा कण. फक्त त्या कणाला तेलाच्या कडेला बसायची इच्छा नाही, आणि तुम्ही घातलेल्या डिस्पर्संटने ती आणखी मारून टाकली आहे.

ही कल्पना जुनी आहे. १९०३ मध्ये रॅम्सडेन यांनी आणि १९०७ मध्ये पिकरिंग यांनी घन कणांवर टिकणाऱ्या इमल्शनबद्दल, म्हणजे एका द्रवात दुसऱ्याचे थेंब धरून ठेवलेल्या मिश्रणाबद्दल, लिहिलं. पिकरिंग इंग्लंडात वोबर्नच्या फळबागेत प्रयोग करत होते. मोरचूद आणि चुन्यापासून मिळणारा तांब्याचा निळा साका घेऊन त्यांनी पाण्यात पॅराफिन तेल धरून ठेवलं. म्हणजे तासगावच्या द्राक्षबागेत जे बोर्डो मिश्रण फवारतात, त्याचाच हा जवळचा नातेवाईक. सिरॅमिकवाल्यांनी मात्र ही गोष्ट बरीच उशिरा मनावर घेतली. झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात गाउकलर यांच्या गटाने २००६ मध्ये कणांवर टिकणारा फेस आणि २००८ मध्ये त्याच पद्धतीचं इमल्शन करून त्यापासून सच्छिद्र सिरॅमिक बनवून दाखवलं. पुढे मी जे सांगतोय त्याचा पाया तोच आहे. त्यावरचे माझे अनुभव शिरोलीच्या बाजूला वीसेक वर्षं रिफ्रॅक्टरीचं (भट्टीची उष्णता सोसणाऱ्या मालाचं) काम करताना आलेले.

कण कडेला का बसतो ते एकदा नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. तेल आणि पाण्याच्या सीमेवर कण अडकला की तेवढ्या जागेतली तेल-पाण्याची सीमाच नाहीशी होते. त्याला पुन्हा बाहेर ओढायचं तर ती सीमा नव्याने तयार करावी लागते, आणि त्याला ऊर्जा लागते. पाण्याने कण किती भिजतो हे स्पर्शकोनावरून कळतं. कोन ९० अंशाच्या आसपास असेल, म्हणजे कण अर्धा पाण्यात अर्धा तेलात, तर ०.१ मायक्रॉन त्रिज्येच्या कणाला उपटायला साध्या उष्णतेच्या धक्क्यांपेक्षा साडेतीन-चार लाख पट ऊर्जा लागते. डोहात बसलेली म्हैस, आपण काठावरून कितीही हाका मारा. पण कोन ३० अंशावर आला, म्हणजे कणाला पाणीच जास्त आवडायला लागलं, की हीच ऊर्जा दोन टक्क्यांच्याही खाली येते. कागदावर तीही पुरेशी वाटते, पण मिक्सरच्या पात्याखाली कण आधी कडेला पोचतच नाही आणि पोचला तरी रेटला जातो. शून्य अंशाला तर काहीच उरत नाही. स्वच्छ ॲल्युमिना पाण्याने पूर्ण भिजतो, म्हणून तो सरळ तळाला बसतो.

दुसरा नियम १९२३ चा, फिंकल, ड्रेपर आणि हिल्डेब्रँड यांचा: कण ज्या द्रवाने जास्त भिजतो तो द्रव बाहेर राहतो, दुसरा थेंब होऊन आत जातो. आपल्याला पाणी बाहेर हवं, तेल आत. म्हणजे कणाला पाणी थोडं जास्त आवडलं पाहिजे, पण तेलाचा तिटकारा नको. सगळी कसरत या "थोडं" शब्दात आहे.

आता तुमच्या स्लरीकडे येऊ.

पहिलं, पावडर. ३२५ मेश म्हणजे ४४ मायक्रॉनपर्यंतचे दाणे. थेंब तीस-चाळीस मायक्रॉनचा आणि त्याच्या अंगावर बसवायचा दाणा तेवढाच मोठा, हे लिंबाला भोपळा चिकटवण्यासारखं आहे. कण थेंबाच्या निदान दहापट लहान हवा, माझ्या मते पन्नास-शंभरपट. कॅल्साइन्ड रिॲक्टिव्ह ॲल्युमिना मागा, सरासरी कण ०.३ ते ०.५ मायक्रॉनचा. महाग पडतो, पण इथे काटकसर करू नका. 

दुसरं, डिस्पर्संट. कास्टिंगच्या स्लरीची कृती तुम्ही जशीच्या तशी उचलली आहे असं दिसतंय. पॉलिॲक्रिलेट जातीचा डिस्पर्संट कणाच्या पृष्ठभागावर आधीच जाऊन बसतो आणि त्याला आणखी पाणीप्रेमी करतो. मग तिथे दुसरं काही चिकटायला जागा उरत नाही. माझ्याकडे एक मुलगा शिकायला होता. त्याने तीन आठवडे सगळं बरोबर केलं आणि तरी तेल वर येत होतं. शेवटी कळलं की बादली आदल्या दिवशीच्या कास्टिंग स्लरीची होती, नुसती विसळलेली. डिस्पर्संट पूर्ण बंद करा. भांडी वेगळी ठेवा.

मग स्लरी पातळ कशी राहणार? आम्लाने. ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर पीएच ९ च्या आसपास भार शून्य होतो. त्याच्या बराच खाली, पीएच ४.५ ते ५ ला, सगळे कण धन भाराचे होतात, एकमेकांना ढकलतात आणि स्लरी दुधासारखी वाहते. हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घालत घालत तिथे आणायचं, घाई न करता.

आता कणाला तेलाची गोडी लावायची. त्यासाठी छोटी साखळी असलेलं सेंद्रिय आम्ल: प्रोपिओनिक, ब्युटिरिक किंवा व्हॅलेरिक. पीएच ४.७-४.८ ला यांचे साधारण निम्मे रेणू ऋण भाराचे असतात. ते धन कणाला डोक्याने चिकटतात आणि कार्बनची शेपटी बाहेर काढून ठेवतात. साबणाची शेपटी बारा ते अठरा कार्बनची असते, इथे दोन ते चार. आखूड शेपटीमुळे कणाचं पाणीप्रेम थोडं कमी होतं, संपत नाही. शिवाय हे रेणू पाण्यात भरपूर विरघळतात, त्यामुळे ३५ टक्के घन भाग असलेल्या दाट स्लरीतही प्रत्येक कणापर्यंत पोचतात. तुमचं भांड्याचं लिक्विड ऋण भाराचं असल्याने तेही आम्लधर्मी स्लरीत ॲल्युमिनाला चिकटलं असतं, पण किंचित जास्त झालं की त्याचा दुसरा थर उलटा बसतो आणि कण पुन्हा पाण्याकडे पळतो. ते ताब्यात ठेवणं नवशिक्याचं काम नाही.

किती घालायचं, हे तुमच्या पावडरीच्या पृष्ठफळावर अवलंबून आहे, त्यामुळे मी ठोक आकडा देणार नाही, हिशोब देतो. पुरवठादाराकडून पावडरीचं बीईटी पृष्ठफळ (एका ग्रॅममधल्या सगळ्या कणांचं मिळून पृष्ठफळ) मागून घ्या. समजा १० चौरस मीटर प्रति ग्रॅम आहे. १०० मिली स्लरीत घनफळाने ३५ टक्के ॲल्युमिना म्हणजे साधारण १३९ ग्रॅम आणि पाणी ६५ मिली. एकूण पृष्ठफळ १,३९० चौरस मीटर. दर चौरस नॅनोमीटरला एक रेणू धरला तर सव्वादोन-अडीच मिलिमोल होतात. प्रोपिओनिकमध्ये ते पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. सगळे रेणू चिकटत नाहीत, बरेच पाण्यात राहतात, म्हणून मी या आकड्याच्या दुपटीपासून सुरू करून पाच कप वेगवेगळ्या प्रमाणाचे करतो. एका संध्याकाळचं काम आहे. कमी पडलं तर तेल वर येतं. जास्त झालं तर स्लरी दाण्यादाण्याची होते, फाटलेल्या दह्यासारखी. मधल्या एका कपात तेल घातल्यावर चक्क्यासारखं घट्ट होतं आणि चमचा उभा राहतो. तुमचं प्रमाण तेच.

वासाबद्दल आधीच सांगतो. प्रोपिओनिक नाकाला झोंबतं, पण सहन होतं. ब्युटिरिक म्हणजे खवट लोणी, आणि व्हॅलेरिकबद्दल न बोललेलं बरं. मी एकदा दुपारी बाटली उघडली आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या कारखान्याचा माणूस ड्रेनेज फुटलंय का विचारायला आला. घराच्या शेडमध्ये प्रोपिओनिकच वापरा, हातमोजे घालून.

तेल. सूर्यफुलाचं तेल उडत नाही. वाळताना ते आतच राहतं, भट्टीत घट्ट होतं, मग तीन-चारशे अंशाला एकदम जळून वायू सोडतं आणि पाटी फुगून फुटते. शिवाय त्यातली मोकळी मेदाम्लं कणाला जाऊन चिकटतात, आणि ती बाटलीगणिक बदलतात, म्हणजे आजची कृती उद्या चालत नाही. आपल्याला उडणारं तेल हवं, पण पाण्याच्या नंतर उडणारं. ऑक्टेन आणि डेकेन ही पेट्रोलियमच्या जातीची दोन तेलं घ्या. खोलीच्या तापमानाला ऑक्टेनचा बाष्पदाब (उडून जायची ओढ) पाण्याच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे, डेकेनचा पंधरावा-सोळावा हिस्सा. डेकेनमध्ये आधी पाणी जातं, कण एकमेकांवर घट्ट बसतात, भिंत तयार होते, आणि मग तेल निवांत बाहेर पडतं. डेकेन महाग वाटलं तर चाचणीपुरतं रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. मी सुरुवातीची बरीच वर्षं तेच वापरलं.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे काहीही विजेच्या ओव्हनमध्ये वाळवायला ठेवू नका. पहिल्याच वर्षी मी ऑक्टेनच्या चार पाट्या ६० अंशाच्या ओव्हनमध्ये ठेवून चहाला गेलो. परत आलो तेव्हा दार बिजागरीसकट समोरच्या भिंतीला होतं. थर्मोस्टॅटची ठिणगी पुरली. तेव्हापासून वाळवण उघड्या पत्र्याखाली, वारा आरपार, आसपास भट्टी नाही, विडी नाही.

मिसळण्याची पद्धत सोपी आहे. स्लरी ढवळत ठेवा, तेल बारीक धारेने सोडा, आपण चटणीवर फोडणी ओततो तसं भसकन नको. एक भाग स्लरीला दोन भाग तेल हे माझं नेहमीचं माप. घरचा मिक्सर चालतो, पण थांबत थांबत फिरवा. गरम झालं तर तेल उडतं, आणि मिक्सरची मोटर ठिणग्या टाकते हे वरच्या गोष्टीवरून लक्षात आलंच असेल. ड्रिल मशीनला पातं लावूनही तीच भीती. मी हवेवर चालणारी ढवळणी वापरतो. तुमच्या फौंड्रीत कॉम्प्रेसर असेलच.

कण पुरतील का, हाही हिशोब करून घ्या. थेंबावर कणांचा एक थर बसवायला लागणारं कणांचं घनफळ म्हणजे तेलाचं घनफळ गुणिले ३.६ गुणिले कण आणि थेंब यांच्या आकाराचं गुणोत्तर. ०.४ मायक्रॉनचा कण आणि ४० मायक्रॉनचा थेंब धरला तर तेलाच्या ३.६ टक्के. १०० मिली तेलाला साधारण १४ ग्रॅम ॲल्युमिना. वरच्या मापात २०० मिली तेलाला २८-२९ ग्रॅम थेंबांच्या अंगावर जातात आणि उरलेले शंभरावर ग्रॅम थेंबांमधल्या जागेत भिंती जाड करतात.

झालंय की नाही हे कसं ओळखायचं? चमच्याच्या टोकाएवढं घेऊन एक थेंब पाण्याच्या ग्लासात टाका, एक तेलात. पाण्यात विरघळल्यासारखं पसरलं आणि तेलात गोळा राहिलं तर पाणी बाहेर आहे, बरोबर आहे. उलटं झालं तर आम्ल जास्त पडलंय आणि इमल्शन पालटलंय. मग शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपखाली काचेवर पातळ थर बघा. अर्धा तास तसाच बघत राहिलात तर मजा दिसेल: थेंबातलं तेल कमी व्हायला लागलं की साबणाचा थेंब गोल राहूनच लहान होतो, हा होत नाही. त्याच्या अंगावर सुरकुत्या पडतात, मनुक्यासारख्या. कण इतके दाटीने बसलेले असतात की आवरण आक्रसू शकत नाही, म्हणून ते दुमडतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शेडमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं.

तडे. तुमच्या २०० ग्रॅम पावडरीचं घनफळ फक्त ५० मिली. म्हणजे स्लरीत घन भाग २० टक्के, बाकी पाणी. पाणी गेलं की भिंत फार आक्रसते आणि फाटते. ३५ टक्क्यांवर या, निम्मा त्रास तिथेच जाईल. उरलेला निम्मा कडांमुळे होतो: कडा आधी वाळतात, मधला भाग ओला राहतो, ओढाताण होते. साच्याला आतून वर्तमानपत्राचा कागद लावा म्हणजे पाटी चिकटून न राहता सरकेल, आणि पहिला दिवस वरून सैल प्लास्टिक टाका. जाडी सुरुवातीला दोन सेंटिमीटरच्या वर नको. दोन-तीन दिवस लागतील. जुलैत कोल्हापुरात पाच-सहा धरा. घाई होत असेल तर दिवाळीनंतरच करा हे काम, तसंही पावसात कोण भट्टी बांधतंय.

भाजणं. इथे मात्र तुमच्या परिस्थितीवर सगळं आहे. शुद्ध ॲल्युमिनाला १५५० ते १६०० अंश लागतात. १२०० ला कण नुसते एकमेकांना टेकतात, जुळत नाहीत. म्हणून खडू. कँथल या तापणाऱ्या तारेची भट्टी तेवढी चढणार नाही, त्यामुळे ओळखीच्या कारखान्यात मोठ्या भट्टीच्या कोपऱ्यात चार पाट्या ठेवायला विचारा. ६०० पर्यंत मिनिटाला एक अंश, तिथे तासभर थांबा, मग पुढे वेगाने. वरती दोन तास.

तुमच्या मापाने पाटी किती हलकी होईल? ३०० मिलीत घन भाग ३५ मिली, म्हणजे पावणेबारा टक्के. वाळताना आणि भाजताना मिळून लांबी २० टक्क्यांनी कमी झाली असं धरा, मूळ घनफळाचा निम्म्याहून किंचित जास्त भाग उरतो. घन भाग २३ टक्के, पोकळी ७७ टक्के. घनता पाण्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास.

फिल्टरबद्दल. नाही चालणार. या पाटीतली छिद्रं तीस-चाळीस मायक्रॉनची. वितळलेलं लोखंड ॲल्युमिनाला भिजवत नाही आणि त्याचा पृष्ठताण पाण्याच्या वीस-पंचवीसपट. पन्नास मायक्रॉनच्या छिद्रात ते घुसवायला वर एक-दोन मीटर उंचीचा वितळलेल्या लोखंडाचा दाब लागेल, आणि घुसलं तरी लगेच गोठेल. तुमच्या गेटिंगमध्ये (साच्यात धातू जायच्या वाटेत) जे १० किंवा २० पीपीआयचे (इंचाला तेवढी छिद्रं असलेले) फिल्टर बसवता ते वेगळ्या पद्धतीने होतात: पॉलियुरेथेनचा स्पंज स्लरीत बुडवून पिळायचा आणि स्पंज जाळून टाकायचा. १९६३ च्या पेटंटपासून तीच रीत आहे, आणि लोखंडासाठी बहुतेक सिलिकॉन कार्बाइड. त्या कामाला इमल्शन नको. अस्तर, रायझरची (साच्यातल्या जादा धातूच्या साठ्याची) स्लीव्ह, उष्णता अडवायची असेल तिथे हे उत्तम.

शेवटची एक तपासणी. भाजलेल्या पाटीचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. तरंगत राहिला, दुसऱ्या दिवशीही, तर छिद्रं बंद आहेत आणि अस्तराला तुमची पाटी तयार आहे. बुडबुडे सोडत हळूहळू खाली गेला तर भिंतींना खिडक्या पडल्यात, म्हणजे थेंबांमध्ये कण कमी पडले. पुढच्या वेळी तेल दोन भागांऐवजी दीड भाग घाला आणि परत बादलीत टाकून बघा.